माप चुकलेला पॅटर्न मेकर

कोल्हापूरच्या उद्यमनगरात 32 वर्षं पॅटर्न मेकर होतो, म्हणजे फाउंड्रीतला साचा ज्यावरून पाडतात तो नमुना बनवायचो. अर्ध्या मिलिमीटरच्या फरकासाठी पोरांना अख्खा पॅटर्न परत करायला लावायचो. आणि स्वतःची लघवी दोन वर्षं बिघडत चालली होती, तिकडं काणाडोळा.

सुरुवात रात्रीची. आधी एकदा उठायचो, मग दोनदा, मग चारदा. धार बारीक झाली, सुरू व्हायला वेळ लागायला लागला, बाहेर आलो की परत जावंसं वाटायचं. रंकाळ्यावर फिरायला जायची वाटसुद्धा शौचालय बघून ठरायची. एसटीनं जोतिबाला जाणं सोडलं, कुणी विचारलं की गुडघ्यांवर ढकलायचो. तालमीच्या कट्ट्यावर बीपी, शुगर, सुनेचं भांडण सगळं निघतं. हे मात्र कुणी काढत नाही.

जानेवारीत सर्दी झाली. दुकानातून सर्दीच्या गोळ्या आणून दोन दिवस घेतल्या आणि दुसऱ्या रात्री लघवी झालीच नाही. पहाटे तीनपर्यंत बाथरूममध्ये नळ सोडून उभा होतो. बेंबीखाली पोट दगडासारखं झालेलं. शेवटी बायको म्हणाली, "अहो, आता लाजायचं न्हाई, पोराला उठवते मी." दवाखान्यात नळी घातली तेव्हा 900 मिली निघाली. मी पिशवीवरचे आकडे बघत होतो, आणि एवढं बरं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

"काका, सर्दीचं काय घेतलं होतं?" हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न. बऱ्याच सर्दीच्या गोळ्यांत नाक मोकळं करणारं औषध असतं. त्यानं मूत्राशयाच्या तोंडाचे आणि प्रोस्टेटचे स्नायू आवळतात. सोबत क्लोरफेनिरामाइनसारखं औषध असलं, तर मूत्राशयाचा जोरही कमी पडतो. प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खालची ग्रंथी, लघवीची नळी तिच्या मधूनच जाते. एरवी अक्रोडाएवढी, वय वाढतं तशी फुगते. मला साचा आठवला. रनर, म्हणजे रस आत जायची वाट, चेपली की वर वितळलेल्या धातूचा कितीही रस ओता, आत पोचत नाही.

चार दिवस नळी आणि पिशवी घेऊन घरात होतो. पिशवी कायम मूत्राशयाच्या पातळीखाली ठेवायची, पण जमिनीला टेकू द्यायची नाही. लुंगीवर ते जमतं. ते आवळलेले स्नायू सैल करणारी टॅम्सुलोसिनची गोळी रोज रात्री जेवणानंतर सुरू केली होती. पाचव्या दिवशी नळी काढली आणि पाणी पिऊन तिथंच बसायला सांगितलं. दोन तासांनी लघवी झाली, मग आत किती उरली ते सोनोग्राफीत बघितलं आणि घरी सोडलं. पुन्हा अडली असती तर परत नळी होतीच.

खऱ्या तपासण्या नंतर. रक्ताची पीएसए चाचणी, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या एका प्रथिनाचं माप, लगेच केली नाही, कारण नळी घातल्यावर तो आकडा उगाच वाढतो. काही आठवड्यांनी केली, 2.9 आला. तो आकडा वाढला म्हणजे कॅन्सरच असं नाही, ग्रंथी फुगल्यानं किंवा जंतुसंसर्गानंही वाढतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितल्यामुळं रिपोर्ट हातात घेताना जीव मुठीत नव्हता. मग यंत्राला जोडलेल्या फनेलमध्ये लघवी करायची. यंत्र आलेख काढतं. सेकंदाला 15 मिलीच्या वर धार असली तर साधारण ठीक, 10 च्या खाली गेली तर अडथळ्याचा संशय. माझी 8. दाराबाहेर चार माणसं वाट बघत असताना मशीनसमोर धार धरायची, ही परीक्षा दहावीपेक्षा अवघड!

एक प्रश्नावलीही भरून घेतात. सात प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, बेरीज 35 पर्यंत. माझी 21 झाली, आणि 20 पासून त्रास तीव्र धरतात. शेवटी एक प्रश्न वेगळा असतो: उरलेलं आयुष्य असंच काढायला लागलं तर कसं वाटेल? तिथं पेन बराच वेळ थांबलं.

पण माझ्या मते सगळ्यात कामाची ठरली ती तीन दिवसांची वही. किती वाजता काय प्यालो, किती वाजता किती लघवी झाली, मापाच्या मगात मोजून लिहायचं. बायकोनं तो मग बाथरूमच्या दाराआड टांगला आणि त्यावर लाल दोरा बांधला, म्हणजे चुकून स्वयंपाकघरात जाऊ नये. वहीतून निघालं ते असं: दिवसभरातली जवळजवळ निम्मी लघवी रात्रीच होत होती. म्हणजे दोष एकट्या प्रोस्टेटचा नव्हता. संध्याकाळी गंगावेशेत ग्लासभर दूध, जेवणानंतर चहा, आणि बीपीच्या गोळीनं पायाला आलेली सूज. आडवं झालं की ते पाणी रक्तात परत येतं आणि रात्री लघवी वाढते. बीपीची गोळी माझी मी बंद केली नाही, त्या डॉक्टरांनीच बदलून दिली. दूध सकाळवर नेलं, दुपारी तासभर पाय उशीवर ठेवून पडतो. आता रात्री एकदा उठतो, कधी दोनदा.

गोळीचे त्रासही सांगतो. अंथरुणातून झटकन उठलं की गरगरतं, म्हणून मिनिटभर बसून उठायचं. वीर्य बाहेर येत नाही, हे डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलं, ते बरं केलं. मी विचारलं नसतं. आता ग्रंथी लहान करणारी दुसरी गोळी जोडली आहे, तिचा गुण यायला सहाएक महिने लागतात. तिनं पीएसएचा आकडा निम्म्यावर येतो, म्हणून पुढच्या चाचणीच्या वेळी ही गोळी सांगायचीच. लघवी परत अडली, खडे झाले किंवा किडनीवर ताण आला तर दुर्बिणीचं ऑपरेशन, तोवर नाही.

मार्चमध्ये मोतीबिंदूसाठी डोळे दाखवले. तिथं टॅम्सुलोसिनचं नाव काढलं आणि डॉक्टर म्हणाले, हे आधी सांगितलंत ते चांगलं केलं. या गोळीमुळं ऑपरेशनच्या वेळी बाहुली नीट मोठी राहत नाही, आणि आयत्या वेळी बंद करूनही खात्री नसते. त्यांना तयारीत राहायला लागतं. त्या दिवसापासून चष्म्याच्या डबीत चिठ्ठी ठेवली आहे, गोळ्यांची नावं आणि खाली ठळक अक्षरात: सर्दीची गोळी विचारल्याशिवाय नको.