तुम्ही विचारलंत म्हणून: लोक ऐकतात का हो तुमचं?

ओळख झाली की दुसरा नाहीतर तिसरा प्रश्न हाच असतो. मी सांगते की मी सार्वजनिक आरोग्यात काम करते, त्यातही हेल्थ प्रमोशन, म्हणजे आरोग्य संवर्धन, मग "म्हणजे डॉक्टर का?", मग तंबाखू, हात धुणं, लसीकरण असं काही कानावर पडलं की हमखास, "पण लोक ऐकतात का हो तुमचं?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, माहितेय मला. पण उत्तर त्या प्रश्नातच भरलेलं असतं, की ऐकत नसणारच, ही बाई उगाच घसा कोरडा करतेय. इतकी वर्षं मी "काही ऐकतात, काही नाही" म्हणून विषय संपवत आले. आणि दर वेळी घरी आल्यावर स्वतःचाच राग येतो, कारण ते उत्तर खोटं आहे. म्हणून आज एकदाच नीट सांगते.

लोक ऐकतात. तुम्हाला वाटतं त्याहून खूप जास्त ऐकतात. १९५० साली रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांनी सिगरेट आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचा संबंध दाखवला, पुढच्याच वर्षी त्यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांचाच अभ्यास सुरू केला, आणि सिगरेट आधी सोडणाऱ्यांमध्ये हे डॉक्टरच पुढे होते. आता डॉक्टरांचा मनोनिग्रह काही इतरांपेक्षा मोठा नसतो. त्यांच्याकडे माहिती होती, पगार ठीक होता, आणि सोबतचे लोकही सोडत होते. बाकीच्यांना सोडता यावी म्हणून कर वाढावे लागले, जाहिरातींवर बंदी यावी लागली, २००३ साली जागतिक आरोग्य संघटनेला त्यासाठी आंतरराष्ट्रीय करार करावा लागला. म्हणजे हा स्वभावाचा प्रश्न कमी, ऐकल्यावर ते करता येईल अशी सोय आहे की नाही याचा जास्त. हे मी कितीदा सांगितलंय. समोरचा मान हलवतो आणि म्हणतो, "तेही खरंच, पण लोकांना शिस्तच नाही."

इथे माझा आवाज चढतो, आणि तो का चढतो हे मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही.

मी या कामात नवीन होते तेव्हाची गोष्ट. कारखान्यांमध्ये तंबाखूविरोधी मोहीम चालू होती आणि पोस्टर माझ्याकडे होतं. मधोमध तोंडाच्या कॅन्सरचा फोटो, पुढच्या स्टेजचा, बघवणार नाही असा, आणि वर मोठ्या अक्षरात "तंबाखू आजच सोडा". माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये फोटोखाली अजून एक ओळ होती. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल आणि दोन आठवड्यांत गेला नाही, तर दुखत नसला तरी दाखवून घ्या. त्याखाली तपासणी कुठे, कोणत्या वारी, किती वाजता ते. मीटिंगमध्ये म्हणाले मजकूर फार झाला, लोगो बसत नाहीयेत, एकच मेसेज ठेवा. एका पोस्टरवर एकच गोष्ट हे मला शिकवलेलंही होतं. मी ती ओळ काढली. कुणीतरी काढायला लावली असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होते, पण फाइल माझ्या लॅपटॉपवर होती आणि डिलीटचं बटण मी दाबलं. भांडले नाही, एक मेलसुद्धा केला नाही की ही ओळ राहू द्या.

छापण्याआधी आम्ही प्री-टेस्ट केली, म्हणजे अकरा कामगारांना पोस्टर दाखवून विचारलं, बघून काय वाटतं. भीती वाटते, अंगावर काटा येतो, जेवण जाणार नाही. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, परिणामकारक.

सव्वा वर्षानंतर अशाच एका कार्यक्रमानंतर एक बाई मागे थांबल्या होत्या. खुर्च्या उचलून होईपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, ते पोस्टर तुमचं ना?" मी हो म्हटलं, खरं सांगायचं तर जरा खुशीतच म्हटलं, मला वाटलं कौतुक आहे. त्यांनी फोन काढला. त्यांच्या धाकट्या भावाचे फोटो होते त्यात. पहिला फोटो कारखान्याच्या भिंतीवरच्या माझ्या पोस्टरचा, फक्त मधला भाग, जवळून काढलेला. दुसरा त्याच्या स्वतःच्या तोंडाचा, एका हातानं गाल ओढून धरलेला, फ्लॅश मारल्यामुळे ओठ चमकतायत आणि आत गालाला नखाएवढा पांढरा चट्टा. त्यानं दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून ताडून बघितले होते. आणि ते जुळत नव्हते. जुळणारच नव्हते ना, माझा फोटो शेवटाकडचा होता आणि त्याचा चट्टा सुरुवातीचा.

बाई म्हणाल्या, "त्यानं पोस्टरवर लिहिलेलं सगळं केलं हो मॅडम."

केलं होतं. सतरा वर्षांची तंबाखू त्यानं पोस्टर बघितलं त्या दिवशी सोडली, परत हात लावला नाही. आता सोडली म्हणजे चट्टा जाईल, अशी त्याची समजूत, आणि ती अगदीच चुकीची नाही, काही चट्टे तंबाखू सोडल्यावर खरंच कमी होतात, बहुतेक चट्ट्यांचा कॅन्सर होतही नाही. पण कोणता होणार हे आरशात बघून कळत नाही, त्यासाठी दाखवावं लागतं, कधी तुकडा काढून तपासावा लागतो. तो दर महिन्याला एक फोटो काढत होता. बाईंनी मला एकेक पुढे सरकवून दाखवले. तिसऱ्यात कडा लाल झालेली. पाचव्यात मधे जाडसर. दुखत नव्हतं म्हणून तो थांबला, आठ महिने थांबला, आणि दुखायला लागलं तेव्हा गळ्यात गाठ आलेली होती. ऑपरेशन झालं, एका बाजूचा जबडा काढावा लागला.

त्या माझ्यावर ओरडायला आल्या नव्हत्या. त्यांना एवढंच विचारायचं होतं की पोस्टरवर हे का नव्हतं. मी काय सांगितलं ते मला आठवतंय आणि आठवलं की अजून नको होतं. मी म्हणाले, "एका पोस्टरमध्ये सगळं बसत नाही."

आता तुम्ही म्हणाल, एका ओळीनं काय झालं असतं, त्यानं वाचली असती कशावरून. बरोबर आहे, कशावरूनच नाही. माझ्या सिनियरनंही हेच समजावलं होतं, वर जेफ्री रोझचा दाखला दिला, की या साथरोगतज्ज्ञानं १९८१ सालीच सांगून ठेवलंय, समाजाला ज्यातून मोठा फायदा होतो त्यातून एकेका माणसाच्या पदरात फारसं पडत नाही, तू एका केसवरून मोहीम मोजू नकोस. पटतं मला हे, आजही शिकवते मी हे. त्याच पोस्टरमुळे त्या भावाच्या शेजारच्या मशीनवरच्या दोघांनी तंबाखू सोडली, हे मला नंतर त्यानंच सांगितलं. ते दोघे वाचले का? सांगता येत नाही, तंबाखू खाणाऱ्या प्रत्येकालाच कॅन्सर होतो असं नाही, त्यामुळे त्यांना झालाच असता असं म्हणता येत नाही. आमच्या कामात वाचलेला माणूस कधी समोर येत नाही, कारण तो वाचलाय हे त्यालाही माहीत नसतं. ज्याला पुरेसं सांगितलं गेलं नाही तो मात्र समोर येतो, फोटोसकट.

आणि एक ओळ एवढी क्षुल्लक नसते हेही मला तेव्हा माहीत होतं. हेच जास्त लागतं. १९६५ साली मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड लेव्हेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येल विद्यापीठात धनुर्वाताच्या लसीवर एक प्रयोग केला होता. काही विद्यार्थ्यांना अंगावर येणारी माहितीपत्रकं दिली, काहींना सौम्य. घाबरलेल्यांची मतं बदलली, पण नुसत्या माहितीपत्रकावर लस घ्यायला गेले जेमतेम ३ टक्के. ज्यांना सोबत आरोग्य केंद्राचा नकाशा दिला आणि आठवड्यातली कोणती वेळ जमेल ते बघायला सांगितलं, त्यांच्यातले २८ टक्के गेले. शेवटच्या वर्षाची मुलं ती, ते केंद्र कुठे आहे हे त्यांना माहीत असणारच. तरी नकाशानं फरक पडला. यावर मी परीक्षेत उत्तर लिहिलेलं आहे आणि चांगले मार्क मिळवलेत. मग माझ्याच पोस्टरवरचा नकाशा मी काढून टाकला.

त्या वेळच्या मला आज भेटता आलं तर मी तिला खूप बोलेन असं वाटायचं. पण ती काय म्हणेल हेही माहितेय. ती म्हणेल, तू आज तरी काय वेगळं करतेस? तुझ्याही मोहिमेला मुदत असते, किती पोस्टर लागली, किती सभा झाल्या याचेच आकडे तूही भरतेस. आणि ती पूर्ण चूक नाही. १९८६ च्या ओटावा सनदेत, म्हणजे आमच्या क्षेत्राच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या जाहीरनाम्यात, आरोग्य संवर्धनाची पाच कामं सांगितलीत. आरोग्याचा विचार करणारी धोरणं, पोषक वातावरण, समाजाचा सहभाग, माणसाची कौशल्यं, आणि आरोग्यसेवांची दिशा बदलणं. पाचातलं एक काम माणसाला शिकवण्याचं. पैसा आणि माणसं मात्र बहुतेक त्या एकालाच मिळतात, कारण पोस्टरचा फोटो काढता येतो आणि शिफ्टची वेळ बदलली याचा काढता येत नाही. त्या कारखान्यातली शिफ्ट सकाळी सातला सुरू व्हायची आणि तपासणी दहा ते बारा. समजा ती ओळ असती, त्यानं वाचलीही असती, तरी जायला त्याला रजा टाकावी लागली असती. हे मला बऱ्याच नंतर लक्षात आलं, आणि लक्षात आल्यावर थोडं हलकं वाटलं, मग हलकं वाटलं याची लाज वाटली. ओळ मी काढली होती ती काढलीच होती.

मी त्याला एकदा भेटले. बहिणीनंच नेलं. बोलणं थोडं अस्पष्ट झालंय त्याचं, पण कळतं. मी माफी मागायचं ठरवून गेले होते आणि त्यानंच आधी सांगितलं, "पोस्टर बरोबर होतं मॅडम, मी उशीर केला." मी म्हटलं, नाही, तुम्ही उशीर नाही केला, तुम्हाला सांगितलंच नव्हतं. तो ऐकायला तयार नाही. त्याला अजूनही वाटतं चूक त्याची. सगळ्यांना तेच वाटतं, त्यालाही, आणि "लोक ऐकतात का" विचारणाऱ्या तुम्हालाही. म्हणून आवाज चढतो माझा.

आता प्री-टेस्टला मी "काय वाटतं" हे विचारायचं सोडून दिलंय. विचारते, हे वाचून तुम्ही उद्या सकाळी काय कराल, कुठे जाल, कोणाला सांगून जाल. लोक गप्प होतात, मग हळूहळू खरं बोलायला लागतात. परवा एका मुलानं सरळ विचारलं, "सकाळी दहाला दाखवायला जायचं तर त्या दिवसाचा पगार कोण देणार?" मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि रिपोर्टच्या पहिल्या पानावर टाकलं. मीटिंगमध्ये पान उलटलं गेलं. पुढची मीटिंग महिनाअखेर आहे, पान परत पहिलंच असेल.