औषधाच्या चिठ्ठीवर संग्रहालय

नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅनडातील माँट्रियलच्या ललित कला संग्रहालयाने तेथील फ्रेंच भाषक डॉक्टरांच्या संघटनेसोबत एक योजना सुरू केली आणि डॉक्टर रुग्णांना चक्क चिठ्ठीवर संग्रहालयाची भेट लिहून देऊ लागले. बातमी जगभर गाजली, पण ‘चित्रे पाहा, बरे व्हा’ अशा भाबड्या सुरात. आणि त्यामुळे तिच्यातली मोलाची गोष्ट मागे पडली. त्या एका चिठ्ठीवर दोन प्रौढ आणि दोन मुले यांना विनामूल्य प्रवेश होता. म्हणजे आजारी माणसाचे सगळे करणारा, पण स्वतः कोणत्याही केसपेपरवर नसलेला घरातला माणूसही त्यात धरला होता. शिवाय या संग्रहालयाने त्याआधीच पूर्णवेळ कला-उपचारतज्ज्ञ नेमलेला होता. नुसते तिकीट माफ करून हे काम होत नाही.

मला अधिक पटते ते लिव्हरपूलचे उदाहरण. तेथील राष्ट्रीय संग्रहालयांनी २०१२ मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी ‘हाउस ऑफ मेमरीज’ हा उपक्रम सुरू केला, तो रुग्णांना दालने दाखवून नव्हे, तर त्यांची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देऊन. जुनी वस्तू हातात देऊन बोलणे कसे सुरू करावे, हे त्यांना शिकवले जाते, आणि रोजच्या वापरातल्या जुन्या वस्तूंनी भरलेल्या पेट्या संग्रहालयाबाहेर वापरायला दिल्या जातात. स्मृतिभ्रंशात सकाळचे जेवण आठवत नाही, तरी तरुणपणीच्या गोष्टी आणि हाताच्या सवयी पुष्कळदा टिकून राहतात. त्यामुळे ‘आज वार कोणता?’ या प्रश्नाने ओशाळणारा माणूस वस्तूविषयी मात्र अधिकाराने बोलू शकतो.

माझ्या श्रीवर्धनच्या मावशीला पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात नेले, तेव्हा याचा प्रत्यय आला. एका नाजूक, नक्षीदार अडकित्त्यापुढे ती थबकली आणि म्हणाली, “रोठ्याला हा चालायचा नाही, जड हवा.” रोठा ही तिच्या गावाकडची सुपारी. बोलताना तिची बोटे सुपारी कातरल्यासारखी हलत होती. वस्तू काचेपलीकडे होती, आणि ती तशी असणे योग्यच आहे. पण शेजारी हाताळायला एखादा साधा अडकित्ता असता, तर तिचे बोलणे आणखी लांबले असते, असे तेव्हा वाटून गेले. (हे संग्रहालय दिनकर केळकरांनी लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभे केले, ही गोष्टही या विषयाला अगदी परकी नव्हे.)

औषधाला हा पर्याय नाही, आणि तीव्र नैराश्यातल्या माणसाला बळेच गर्दीत नेणे हा तर निव्वळ जाच आहे. म्हणूनच कोणाला, केव्हा आणि किती वेळ न्यायचे, हे मानसोपचाराच्या बाजूने ठरायला हवे आणि वस्तूंचे ज्ञान संग्रहालयाने पुरवायला हवे. आपल्याकडे रुग्णांचे आणि त्यांच्या घरच्यांचे स्वमदत गट आहेत, समुपदेशक आहेत, आणि पितळी डबे, दिवे, पाय घासायच्या वज्ऱ्या यांनी भरलेली संग्रहालयेही आहेत. संग्रहालयाच्या सुटीच्या दिवशी लहान गटासाठी एखादे दालन उघडता येईल. तेथे पाठ टेकता येईल अशा खुर्च्या, जवळ स्वच्छतागृह आणि घाई न करणारा एक मार्गदर्शक असला, तरी पुरे. हाताळायच्या पेटीसाठी तर संग्रहातली वस्तूच हवी असेही नाही. जुन्या बाजारातला अडकित्ता, फिरकीचा तांब्या, रॉकेलचा स्टोव्ह चालेल. गाडीभाड्याचा खर्च कोणी उचलायचा, हे मात्र दोन्ही संस्थांनी पहिल्याच बैठकीत ठरवावे.