आजीचं वय

“आजी किती वर्षांच्या होत्या?” आजी गेली २०२२ मध्ये, पण गावचं माणूस भेटलं की अजून हे विचारतंच. मी नव्वद म्हटलं की समोरच्याचा चेहरा सैल होतो. “मग सोनं झालं म्हणायचं.” दुःख किती करायचं हे आकड्यावर ठरतं बहुधा. तुम्ही विचारलंत म्हणून यावेळी खरं सांगतो: मला माहीत नाही.

सावडण्याच्या आदल्या दिवशी वडूजच्या फ्लेक्सवाल्यानं फोनवर हेच विचारलं होतं. आधारवर १ जानेवारी १९३२. मतदार ओळखपत्रावरून हिशेब केला तर सत्त्याण्णव. सात वर्षांचा फरक, आणि दोन्ही कागद सरकारीच.

आधारची तारीख कशी आली ते मला माहीत आहे, मी शेजारी उभा होतो. नोंदणीवाल्या पोरानं विचारलं, “थोरला मुलगा कधीचा?” थोरले म्हणजे माझे वडील, १ जून १९५०. त्यानं त्यातून अठरा वजा केले आणि पुढच्या माणसाला हाक मारली. आता वडिलांचं १ जून कुठून आलं? शाळेत घालताना गुरुजींनी हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावायला सांगितला. लागला, म्हणजे सहा पूर्ण. आजीचं वय असं वडिलांच्या कानावर उभं आहे.

तिला स्वतःला विचारलं की म्हणायची, “जलमले तवा मी काय बघाय हुते व्हय?”

तिची मोजदाद वेगळी होती. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या कचेरीवर ‘चले जाव’चा मोर्चा गेला, गोळीबार झाला, मोर्चाचे पुढारी परशुराम घार्गे आणि त्यांच्याबरोबरची माणसं गेली. त्या दिवशी आजी धाकट्या भावाला काखेत घेऊन वेशीत उभी होती. मोर्चाला गेलेला तिचा बाप दिवेलागणीला अनवाणी परत आला. तिला आठवायच्या त्या वहाणा. “नव्या हुत्या,” म्हणायची. परकर नेसत होती म्हणे. म्हणजे आठ? बारा? भावाला काखेत पेलण्याएवढी, एवढंच.

मग कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. उतरंड खाली आली आणि पाळण्यातल्या धाकट्या आत्यावर फक्त राख पडली. आत्याचं वय म्हणूनच घरात सगळ्यात पक्कं.

आणि बहात्तरचा दुष्काळ. याबद्दल ती बोलायला लागली की चूल विझायची. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव आहे. त्याच्या भरावावर तिनं आणि माझ्या आईनं, सासू-सुनेनं, एका पाटीला दोघींनी हात लावून माती टाकली. नंतर रस्त्याला खडी फोडली. मिलोची, म्हणजे रेशनवरच्या परदेशी लाल ज्वारीची, भाकरी थापताना तुटायची, म्हणून ती थापायचीच नाही, कण्या करून घालायची. सुकडी, ते दुष्काळात मिळणारं पौष्टिक पीठ, मात्र पोरांना. आजोबा तेव्हा मुंबईत गिरणीत होते, मनीऑर्डर यायची. कधी नाही यायची. तलावात आता पाणी असतं, कडेनं लोकांनी ऊस केलाय. आजी कधी त्या बाजूला फिरायला गेली नाही. “बगितलाय की आतनं,” म्हणायची.

फ्लेक्सवर शेवटी वडिलांनी वय टाकू दिलं नाही. फोटोखाली जागा मोकळी राहिली, तिथं फ्लेक्सवाल्यानं न विचारता एक कमळ टाकलं.

जायच्या आदल्या दिवाळीत तिनंच मला वय विचारलं होतं. मी म्हटलं, सत्तेचाळीस. ती बोटांच्या पेरांवर मोजत बसली, बराच वेळ.

“न्हाय. तुजी आय भरावावर हुती तवा तू पोटात हुतास. येक वरीस खाल्लंस की रं.”

माझीही जन्मतारीख १ जूनच आहे. ते वर्ष नोकरीत माझ्या फायद्याचं, म्हणून मी गप्प बसलो.