टर्कीच्या आजूबाजूचं ताट

नोव्हेंबर लागला की नाशिकहून हमखास विचारणा होते, ‘यंदा त्या टर्कीच्या सणाला काय बेत?’ थँक्सगिव्हिंग म्हणजे एक भला मोठा पक्षी भाजायचा, सगळ्यांनी मिळून खायचा आणि दुसऱ्या दिवशी सेलला पळायचं, एवढीच या सणाची कीर्ती आपल्याकडे पोचली आहे. इथे अमेरिकेत राहून माझं मत उलटं झालं आहे. टर्की निमित्ताला असते. सण असतो तो तिच्या आजूबाजूला मांडलेल्या वाडग्यांत आणि ज्या टेबलावर ते वाडगे ठेवतात त्या टेबलावर. म्हणून या वेळी टर्कीला जरा बाजूला सारून बाकीच्यांबद्दल लिहिते.

मुलाने इथल्या मुलीशी लग्न केलं, तेव्हापासून आमचा हा सण विहीणबाईंच्या घरी असतो. त्या मॅसॅच्युसेट्सच्या आग्नेय भागात राहतात, प्लिमथपासून फार लांब नाही. म्हणजे ज्या जागेशी या सणाची गोष्ट जोडली जाते तिच्या अगदी शेजारी. १६२१ साली प्लिमथला आलेल्या इंग्रज वसाहतकऱ्यांचं पहिलं पीक हाती आलं, तेव्हा तिथल्या मूलनिवासी वाम्पनोआग लोकांचा प्रमुख मॅसॅसॉइट सुमारे नव्वद माणसं घेऊन आला आणि तीन दिवस सगळे एकत्र जेवले. त्या मेजवानीबद्दल त्याच काळातलं लिखाण फार थोडं आहे. त्यात पक्ष्यांच्या शिकारीचा आणि वाम्पनोआगांनी आणलेल्या पाच हरणांचा उल्लेख सापडतो. आज या सणाला हमखास असणाऱ्या भोपळ्याच्या पायचं, म्हणजे मैद्याच्या वेष्टनात गोड सारण भरून भाजतात त्या ‘पाय’चं, तिथे नावही नाही. पुढे याच लोकांच्या जमिनी गेल्या, माणसं गेली. १९७० पासून त्यांचे वंशज आणि इतर मूलनिवासी थँक्सगिव्हिंगच्याच दिवशी प्लिमथमध्ये जमून शोकदिन पाळतात. माझी सून शाळेत शिकवते, ती हे मुलांना सांगितल्याशिवाय राहत नाही आणि घरी जेवायला बसतानाही त्या लोकांची आठवण काढते. मला ते योग्यच वाटतं.

आजच्या रूपातला सण मात्र एका बाईच्या चिकाटीचं फळ आहे. सारा जोसेफा हेल या संपादिकेने देशभर एकच दिवस पाळावा म्हणून वर्षानुवर्षं लेख लिहिले, गव्हर्नरांना आणि राष्ट्राध्यक्षांना पत्रं पाठवली. शेवटी १८६३ मध्ये, यादवी युद्ध ऐन भरात असताना, लिंकन यांनी तो जाहीर केला. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार कायद्याने ठरला तो १९४१ मध्ये.

या राज्यात त्या गुरुवारी मोठी किराणा दुकानं कायद्यानेच बंद असतात. त्यामुळे तयारी बुधवारच्या आत उरकावी लागते, खरं म्हणजे आदल्या रविवारपासून. गोठवलेली टर्की फ्रीजमध्ये वितळायला दर चार-पाच पौंडांना एक दिवस घेते. सोळा पौंडांची असेल तर पूर्ण सुटायला चार दिवस. मंगळवारी पाव चिरून ताटांत पसरून ठेवतात, म्हणजे स्टफिंगसाठी, पक्ष्यात भरायच्या सारणासाठी, तो पुरता वाळतो. बुधवारी पाय भाजून होतात, क्रॅनबेरी शिजते, बटाटे सोलून पाण्यात पडतात. गुरुवारी सकाळपासून ओव्हन टर्कीच्या मालकीचा. त्या दिवशी ओव्हन कधी कोणाला किती वेळ मिळणार, याचा कागद विहीणबाई कपाटाच्या दारावर आतून चिकटवतात. गौरीच्या जेवणाच्या दिवशी शेगड्यांच्या वाटण्या करणारी माझी सासू त्या कागदाकडे पाहून खूश झाली असती.

प्रत्येक पदार्थ कोणाचा तरी ठरलेला असतो. फरसबीचं कॅसरोल विहीणबाईंच्या धाकट्या बहिणीचं. मश्रूमच्या डबाबंद सूपमध्ये फरसबी घालायची, वरून तळलेला कांदा, की झालं. १९५५ मध्ये कॅम्पबेल कंपनीच्या स्वयंपाकघरात डॉर्कस रायली यांनी ते बसवलं आणि अमेरिकेच्या घराघरांत गेलं. डब्यातलं सूप म्हणून त्याला नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. पण त्या मावशींच्या आईने ते केलं, आता मावशी करतात, आणि त्या वाडग्याचा तळ सगळ्यात आधी दिसतो. छोटे पांढरे कांदे क्रीममध्ये शिजवण्याचं काम व्याह्यांचं. ते वर्षभर स्वयंपाकघरात फारसे दिसत नाहीत, पण ते कांदे दुसऱ्या कोणी केलेले चालत नाहीत. स्टफिंग खुद्द विहीणबाईंचं: वाळवलेला पाव, कांदा, सेलरी, भरपूर लोणी आणि बेल्स सिझनिंग. हा सेज, रोझमेरी, थाइम वगैरेंचा मसाला पिवळ्या डब्यात मिळतो, डब्यावर निळी टर्की असते, आणि बोस्टनकडची घरं १८६७ पासून तोच वापरतात. आमचे हे शाकाहारी. म्हणून विहीणबाई स्टफिंगचा एक मोठा वाटा पक्ष्यात न भरता वेगळ्या भांड्यात, भाज्यांच्या पाण्यात शिजवतात आणि मश्रूमची वेगळी ग्रेव्हीही करतात. ह्यांचं ताट इतकं भरतं की टर्की नाही हे सांगावं लागतं. मी मघाशी म्हटलं त्याला याहून वेगळा पुरावा नको.

क्रॅनबेरीवर जरा थांबते, कारण ती इथल्या मातीतली. पाणथळ जागेत जमिनीलगत पसरणाऱ्या वेली, फळ टपोरं, लालभडक आणि जिभेवर ठेवलं की डोळे मिटायला लावणारं. करवंद कच्चं खाल्लंय त्याला हे लगेच कळेल. ऑक्टोबरमध्ये इथल्या शेतांत पाणी सोडतात. फळाच्या आत हवेचे कप्पे असतात, त्यामुळे वेलीपासून सुटलेली फळं वर तरंगतात आणि सबंध शेत लाल दिसतं. ती गोळा होतात रसासाठी आणि सॉससाठी. बाजारात पिशवीतून ताजी मिळतात ती बहुतेक कोरड्या शेतातून वेचलेली असतात. आज विस्कॉन्सिन राज्य उत्पादनात मॅसॅच्युसेट्सच्या पुढे गेलं आहे, पण लागवडीची सुरुवात या बाजूची. आणि साखर कारखान्यांच्या महाराष्ट्रातून आलेल्या मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ओशन स्प्रे हे क्रॅनबेरीच्या रसाचं घरोघरचं नाव शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचं आहे, १९३० पासूनचं.

सॉस करायला अगदी सोपा. बारा औंसांची, म्हणजे ३४० ग्रॅमची पिशवी, एक कप साखर, एक कप पाणी. उकळी आली की पातेल्यातून टप् टप् आवाज यायला लागतो, फळं एकेक करून फुटतात. दहा मिनिटांत आच बंद करायची. तेव्हा ते पातळच दिसतं, घाबरून आणखी आटवू नये. फळातच पेक्टिन, म्हणजे रस घट्ट करणारं द्रव्य, भरपूर असतं, गार झालं की सॉस आपोआप घट्ट बसतो. विहीणबाई त्यात संत्र्याची साल किसून घालतात. मी त्यांच्याच पिशवीतून दोन मुठी उचलून मेथांबा करते: तेलात मोहरी, मेथीदाणे, हिंग, हळद, मग फळं, ती फुटली की गूळ, तिखट, मीठ. मेथी लालसर व्हायला हवी, काळी झाली की संपलं. हा मेथांबा टर्कीबरोबर झकास लागतो असं त्यांच्या घरची मंडळी सांगतात. आता तो त्यांच्या यादीत माझ्या नावापुढे लिहिलेला असतो. दरवर्षी.

भोपळ्याच्या पायमध्येही आपली एक ओळख निघते. इथे डब्यात मिळणारा भोपळ्याचा गर बहुतेक इलिनॉय राज्यातला असतो आणि तो नारिंगी, कोरून दिवे करतात त्या भोपळ्याचा नसतो. फिकट तपकिरी सालीच्या, लांबट डिकिन्सन जातीचा असतो. वनस्पतिशास्त्रात ही जात आणि आपल्याकडचा घारग्यांचा लाल भोपळा एकाच प्रजातीचे. मूळ अमेरिका खंडातलं. मका, बटाटा, मिरची, शेंगदाणा, रताळं, सगळं इथूनच युरोपी जहाजांतून आपल्याकडे आलं. आपल्या उपवासाचं ताट आठवा: बटाटा, रताळं, शेंगदाणे, साबुदाणा, राजगिरा. निम्म्याहून जास्त ताट याच खंडाचं. इथे टेबलावर रताळी येतात तेव्हा मला परकं काहीच वाटत नाही. त्यांच्यावर वितळलेले मार्शमेलो घालतात तेवढं मात्र मी बाजूला करून घेते. रताळ्याला त्याची गरज नाही.

पायच्या वेष्टनासाठी विहीणबाई लोणी फ्रीझरमधून काढून थेट जाड किसणीवर किसतात. मैदाही आधी गार केलेला. लोण्याचे कण पिठात वितळता कामा नयेत, तसेच राहिले की ओव्हनमध्ये त्यांची वाफ होते आणि पदर सुटतात. बर्फाचं पाणी चमच्या-चमच्याने. पीठ मळायचं नाही, नुसतं जमवायचं. पोळ्यांच्या हाताला हे जड जातं, पण एकदा त्यांच्या शेजारी उभं राहून पाहिलं की उमगतं.

आता टेबल. त्याची तयारी स्वयंपाकाच्याही आधी, ऑक्टोबरच्या मध्यात सुरू होते. तेव्हा इथले मेपल पेटलेले असतात आणि थँक्सगिव्हिंगला मात्र झाडं ओकीबोकी. म्हणून लाल-पिवळी पानं तेव्हाच वेचून जाड पुस्तकांत दाबून ठेवायची. आठवड्याभराने ती सपाट झाली की मधमाशीचं मेण मंद आचेवर वितळवून पान देठाला धरून बुडवायचं, क्षणभर निथळू द्यायचं आणि कागदावर ठेवायचं. मेणाचा पातळ थर बसला की रंग टिकतो, पान कडा वळून चुरत नाही. नातवंडांचं हे आवडतं काम, पण मेणाशी मोठं माणूस हवंच. गुरुवारी ही पानं टेबलाच्या मधोमध, एका रेषेत, सहज पडल्यासारखी मांडतात. मध्ये ओंजळीएवढे भोपळे, रंगीत दाण्यांची मक्याची कणसं, दलदलीकाठच्या विंटरबेरीच्या लाल फळांनी भरलेल्या काटक्या. बाजारातून आणलेलं जवळजवळ काही नसतं.

विहीणबाईंचे दोन नियम मला फार पटले. मधली सजावट इतकी बुटकी हवी की समोरच्या माणसाचा चेहरा दिसला पाहिजे. कोपर टेबलावर टेकवून हात उभा धरला तर मुठीच्या वर काही जाता कामा नये. आणि मेणबत्त्या बिनवासाच्या. दालचिनीच्या वासाची मेणबत्ती लावली तर पायचा वास कुठे जाणार? आपण पानाभोवती रांगोळी काढून उदबत्ती लावतो, तर वासाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे, पण त्यांच्या टेबलावर त्यांचं बरोबर आहे.

टेबलावरचं कापड मला दरवेळी बघावंसं वाटतं. पांढरं, जाड सुती. जेवण झालं की प्रत्येक जण त्यावर पेन्सिलीने आपलं नाव आणि साल लिहितो आणि हिवाळ्यात विहीणबाई त्या अक्षरांवरून रंगीत दोऱ्याने भरतकाम करतात. दरवर्षीचा दोरा वेगळ्या रंगाचा. त्यांच्या आईची सही त्यावर आहे, शेवटच्या वर्षांतली जरा थरथरती, आणि दोऱ्याने ती थरथर सरळ केलेली नाही, आहे तशीच शिवली आहे. माझं नाव मी देवनागरीत लिहिलं. त्यांना ती लिपी येत नाही, पण शिरोरेघ, वेलांटी, अनुस्वाराचा टिंब, काहीही सुटलेलं नाही. माझ्या नातवाच्या हाताचा ठसाही त्या कापडावर आहे, बोटांच्या कडेने हिरवी साखळी टाक्याची रेघ.

जेवण दुपारी तीनच्या सुमाराला, कारण सव्वाचारला सूर्य मावळतो. टर्कीच्या मांडीच्या जाड भागात थर्मामीटर १६५ अंश फॅरनहाइट दाखवायला लागला की ती बाहेर निघते आणि अर्धा तास तशीच मुरत राहते. तेवढ्यात रिकाम्या ओव्हनमध्ये बाकीचे वाडगे गरम होतात आणि ट्रेमध्ये उतरलेल्या रसाची ग्रेव्ही होते. वाडगे मग हातोहात फिरतात, आणि नेहमी एकाच दिशेने. आपल्या पंगतीत वाढपी फिरतो, इथे पदार्थ फिरतो. शेजारच्यासाठी वाडगा धरून ठेवायचा, त्याने वाढून घेतलं की आपण पुढे द्यायचा. बोलणं आपोआप सुरू होतं.

इकडे मुलांकडे नोव्हेंबरात येणार असाल आणि असं बोलावणं आलं, तर आधी यजमानीणबाईंना काय आणू ते विचारा. परस्पर काही करून नेऊ नका, प्रत्येक वाडग्याचा मालक ठरलेला असतो. ऐन वेळी ओव्हन लागेल असं तर अजिबात नको, त्यात जागा नसते. लोणचं, चटणी, मेथांबा, घारगे असं थंड किंवा कोमट चालणारं बरं. आणि जाताना पिशवीत दोन-तीन रिकामे डबे टाका. उरलेलं घरोघर वाटल्याशिवाय कोणाला सोडत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पावाच्या दोन तुकड्यांत स्टफिंग आणि क्रॅनबेरी भरून खाणं हे माझ्या सुनेच्या मते आदल्या दिवशीच्या जेवणाहून सरस आहे.