ई-बुक स्वस्त पडतं म्हणे!

ई-रीडर, म्हणजे ई-बुक वाचायचं मशीन, घेऊ का असं ऑफिसात कोणी विचारलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "पुस्तकं स्वस्त पडतात ना गं त्यात?" इंग्रजी वाचत असशील तर हो, सेलबिल लागला की बरीच स्वस्त पडतात, पण मराठीचं विचारत असशील तर आधी चहा सांग आणि बस निवांत, कारण ते एका वाक्यात सांगता येत नाही.

आधी मशीनचाच हिशोब. २०२५ मध्ये अॅमेझॉनचा नवा ई-रीडर, किंडल पेपरव्हाइट, आपल्याकडे आला तो १६,९९९ रुपयांना. आता समजा एखाद्या कादंबरीची छापील किंमत ३०० आहे आणि ई-बुक आहे २१० ला. वरवर बघता ९० रुपये वाचले. पण मराठी पुस्तक छापील किमतीला घेतं कोण? पुण्यात अप्पा बळवंत चौकात जा नाहीतर गावात लागलेल्या प्रदर्शनात जा, वीस टक्के सूट मिळाली म्हणजे तेच पुस्तक २४० ला हातात. खरी बचत तीस रुपयांची. १७ हजारांना तीसने भागा, साडेपाचशेच्या वर पुस्तकं वाचून झाली की मग मशीनचे पैसे वसूल. माझा वाचायचा स्पीड बघता तोवर मी रिटायर झालेली असेन, बॅटरी तर त्याच्या आधीच.

आता हाच हिशोब मी राहते तिथून मांडला की बदलतो. मी बेंगळुरूत, इथे कन्नड आणि इंग्रजीची दुकानं झकास आहेत पण मराठी पुस्तक म्हणजे ऑनलाइन मागवायचं, त्यावर सत्तर-ऐंशी रुपये कुरियर, म्हणजे ते २४० चं पुस्तक ३१० ला पडलं आणि बचत झाली शंभर. साडेपाचशेचे १७० वर आले. न्यू जर्सीतल्या माझ्या मामेबहिणीला तर कुरियरच पुस्तकापेक्षा महाग, तिच्यासाठी हा प्रश्नच नाहीये, ती डोळे मिटून ई-बुक घेते. सदाशिव पेठेत राहणाऱ्याने मात्र पैसे वाचवायला म्हणून ई-रीडर घेऊ नये, डोळ्यांसाठी घ्यावा, जागेसाठी घ्यावा, हौस म्हणून घ्यावा.

"कागद नाही, शाई नाही, छपाई नाही, गोडाऊन नाही, मग दोनशे रुपये कसले?" हे मीही खूप वर्षं तावातावाने म्हणायचे, अजूनही थोडं म्हणतेच, पण पूर्वीएवढ्या जोरात नाही. २०१० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने अमेरिकेतल्या २६ डॉलरच्या हार्डकव्हरचा हिशोब छापला होता, त्यात छपाई, साठवण आणि वाहतूक मिळून खर्च होता सव्वातीन डॉलर. बाकी सगळं दुकानदार, लेखकाचं मानधन, संपादन, जाहिरात वगैरे. म्हणजे कागद काढून टाकला तरी पुस्तक अर्ध्या किमतीत येईल असं नाही.

मराठीत तर वेगळंच एक दुखणं आहे. आपली जुनी पुस्तकं डीटीपी करताना, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावताना, श्रीलिपीसारख्या फॉन्टात पेजमेकर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये लावलेली असतात, ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनना सारखीच कळणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, नाहीत. ई-बुक करायचं म्हणजे तो मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलायचा, आणि त्यात 'ऱ्या'चा 'र्या' होतो, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, अवतरणचिन्हाच्या जागी कुठलंतरी भलतंच जोडाक्षर उगवतं. मग कोणीतरी तीनशे पानं पुन्हा ओळीन् ओळ वाचायची. हे काम फुकट होत नाही, आणि जिथे छापील आवृत्तीच साधारण हजार प्रतींची निघते तिथे ई-बुक खपून खपून किती खपणार. किंडलवर अधिकृतपणे मराठी आलीच मुळी २०१६ च्या डिसेंबरात, हिंदी, गुजराती, तमिळ, मल्याळमबरोबर. अमेरिकेत किंडल निघालं होतं २००७ ला.

त्यात सरकारचा वाटा वेगळा. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य. ई-बुकवर आधी १८ टक्के होता, २०१८ च्या जुलैत तो ५ वर आणला, पण त्या पुस्तकाची छापील आवृत्ती असेल तरच. म्हणजे एखाद्या नव्या पोराने खर्च परवडत नाही म्हणून फक्त ई-बुकच काढलं तर त्याला १८! पुस्तक छापलं नाही याचा दंडच म्हणायचा की हा. स्वतःचं स्वतः अॅमेझॉनवर टाकणाऱ्यांचं अजून एक आहे, भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी हवी असेल तर ते ई-बुक नव्वद-नव्वद दिवसांच्या कराराने फक्त त्यांच्याकडेच ठेवायचं, दुसरीकडे कुठेही विकायचं नाही. नाहीतर ३५ टक्के. त्यामुळे कोणी विचारलं की एवढं छोटं पुस्तक आणि दीडशे रुपये, तर त्यातले लेखकाच्या हातात किती पडतात तेही बघावं.

एवढं सगळं समजून घेतल्यावरसुद्धा माझी तक्रार आहेच, फक्त ती वेगळ्या गोष्टीची आहे. पैसे देऊन मला काय करता येतं याची आहे.

आईला मी माझा जुना ई-रीडर दिलाय. ती सांगलीला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, अक्षर मोठं करून वाचता येतं म्हणून ती त्या मशीनवर भलतीच खूश आहे. अकाउंट एकच, त्यामुळे मी इथे घेतलेलं पुस्तक मिनिटभरात तिच्याकडे उतरतं, आणि खरं सांगायचं तर इथे ई-बुक छापील पुस्तकाला हरवतं, एकाच किमतीत दोघी एकाच वेळी दोन गावांत वाचतो. पण मग एक दिवस तिचा फोन आला.

"अगं ते पुस्तक शेजारच्या काकूंना वाचायला हवंय, कसं देऊ?"

"अगं आई, ते नाही देता येत."

"म्हणजे? आपण विकत घेतलंय ना?"

"घेतलंय, पण ते माझ्या अकाउंटवरच राहतं. काकूंना द्यायचं तर मशीनच द्यावं लागेल."

"मशीन दिलं तर मी काय वाचू?" आणि मग थोडं थांबून, "मग अर्ध्या किमतीत द्यायला हवं होतं की त्यांनी."

मला वाटतं किमतीचा याच्यापेक्षा सरळ युक्तिवाद मी कुठे वाचलेला नाही. छापील पुस्तक आई वाचते, काकू वाचतात, काकूंची सून वाचते, मग ते वाचनालयाला देता येतं, अगदीच झालं तर फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांत जाऊन पडतं आणि तिथून कोणीतरी पन्नास रुपयांना उचलतं. २४० रुपयांत हे सगळं येतं. २१० च्या ई-बुकात एका अकाउंटपुरतं वाचायचं लायसन्स येतं, बस. किंडलच्या अटींमध्ये हे स्पष्ट लिहिलेलंच आहे की पुस्तक विकलं जात नाही, त्याचा परवाना दिला जातो. २००९ मध्ये तर जॉर्ज ऑरवेलची पुस्तकं लोकांच्या किंडलवरून परस्पर काढून टाकली होती, विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते म्हणून, पैसे परत दिले पण पुस्तक गेलं. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-बुकचं दुकान बंद केलं तेव्हाही तेच, पैसे परत, पुस्तकं गायब. आणि २०२५ च्या फेब्रुवारीपासून किंडलची पुस्तकं कॉम्प्युटरवर उतरवून यूएसबीने चढवायची सोयही अॅमेझॉनने काढून टाकली.

अर्थात कागद काय अमरपट्टा घेऊन आलेला नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पाणी शिरलं तेव्हा नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजून लगदा झाली, त्यात फार जुनी, पुन्हा न मिळणारीही होती. ते बघितलेल्या माणसाला ई-बुक म्हणजे नुसतं फॅड असं म्हणवत नाही. त्यामुळे एका बाजूने भांडायला मला जमत नाही.

पण सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते वेगळ्याच प्रकाराने. एका मराठी ई-बुकच्या दुकानातून (नाव नको) मी आईसाठी जुना प्रवासवर्णनाचा संच घेतला, छापील किमतीच्या जवळपास तीन चतुर्थांश पैसे देऊन. निघालं काय, तर पानांचे फोटो. स्कॅन. अक्षर मोठं करायला गेलं की अख्खं पान मोठं होतं आणि ओळीचा शेवट स्क्रीनबाहेर जातो, म्हणजे प्रत्येक ओळ वाचायला बोटाने पान डावीकडे उजवीकडे सरकवायचं. शिवाय ते फक्त त्यांच्याच ॲपमध्ये फोनवर उघडतं, ई-रीडरवर जातच नाही. मोतीबिंदूवाल्या माणसाने फोनवर बारीक अक्षरात प्रवासवर्णन वाचायचं! आईने चार पानांत नाद सोडला. याला ई-बुक म्हणून पूर्ण पैसे घेणं मला तरी पटत नाही. स्कॅन आहे हे विक्रीच्या पानावर ठळक लिहा आणि पन्नास रुपये लावा, मी तक्रार करणार नाही.

फुकटचंही थोडं सांगते, कारण त्यावर लोक उगाच पैसे घालवतात. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर साठ वर्षांनी कॉपीराइट संपतो. साने गुरुजी १९५० ला गेले, म्हणजे २०११ पासून त्यांचं लेखन मोकळं आहे, हरिभाऊ आपटे तर १९१९ लाच गेले. तरी असल्या लेखकांची पुस्तकं कोणीतरी नवं चकचकीत कव्हर लावून विकत असतं आणि आपण घेतो. आधी मराठी विकिस्रोतावर, म्हणजे मोकळ्या पुस्तकांच्या फुकट साइटवर, बघावं, असेल तर तिथून ईपब (ई-बुकची) फाइल उतरते आणि तीच सेंड टू किंडल या अॅमेझॉनच्या सोयीने मशीनवर पाठवता येते. ई साहित्य प्रतिष्ठानकडे नव्या लेखकांची पुस्तकं मोफत असतात, दर्जा वरखाली, पण चाळता चाळता चांगलं काही हाती लागतं.

किंडल अनलिमिटेडचं, म्हणजे महिन्याची वर्गणी भरून त्यातली हवी तेवढी पुस्तकं वाचायच्या योजनेचं, मी घेते-सोडते असं चालू असतं. महिना १६९ म्हणजे वर्षाचे दोन हजारांच्या वर. सुट्टी असली की महिनाभर घ्यायचं, दणादण वाचायचं, बंद करायचं. वर्षभर चालू ठेवलं तर पैसे त्यांना आणि धूळ मशीनला. मराठी पुस्तकं त्यात आहेत, पण मला हवं असलेलं नेमकं नसतं.

बाकी आता खरेदीचं माझं असं झालंय की कादंबरी, रहस्यकथा, एकदा वाचून बाजूला ठेवायचं काही असेल तर ई-बुक. कविता, चित्रं असलेलं, आणि आई पुढे चार जणींना देणार हे आधीच दिसतंय असलं काही, तर छापील, कुरियर गेलं खड्ड्यात. आणि मराठी ई-बुकचं सॅम्पल उतरवून 'ऱ्या' धड दिसतोय का, फॉन्ट मोठा होतोय का एवढं बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, प्रकाशक कितीही मोठा असो.

आणि कोणी प्रकाशक वाचत असतील तर माझा आकडा सांगून ठेवते: छापील ३०० असेल आणि फाइल नीट प्रूफ वाचलेली असेल तर ई-बुक १५० ला लावा. मित्राला एकदा तरी वाचायला देता येईल अशी सोय केलीत तर २१० सुद्धा देईन, आणि सेलची वाट बघणार नाही.