"दात कशाने घासतेस?"

दर महिन्याच्या नऊ तारखेला आमच्या आरोग्य केंद्रात गरोदर मातांची गर्दी असते. त्या दिवशी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली एक मुलगी आईबरोबर आली होती. आठवा महिना, पण पोट सातव्याचंही वाटेना. हिमोग्लोबिन साडेआठ. कार्डावर लिहिलेलं, 'व्यसन : नाही'.

यात खोटं कुणी बोललेलं नसतं. मशेरीला, म्हणजे दात घासायच्या भाजलेल्या तंबाखूला, व्यसन समजतं कोण? म्हणून मी विचारलं, "दात कशाने घासतेस?" ती गप्पच. हिरड्यांच्या कडा काळपट दिसत होत्या. उत्तर आईने दिलं, "मशेरी लावती की. मीच भाजून देते तव्यावर. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यापासून जास्तच लागती, त्याबिगर परसाकडंला होत नाही."

म्हणजे रक्त वाढावं म्हणून आम्हीच दिलेल्या गोळीने पोट कडक होत होतं आणि त्यावर उतारा म्हणून तंबाखू चालली होती! निकोटिन हिरडीतून रक्तात उतरतं, वारेच्या रक्तवाहिन्या आकसतात, बाळाचं पोषण तुटतं. मुंबईतल्या 1,217 गरोदर बायकांचा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मशेरी-तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी 105 ग्रॅमने हलकी भरली होती.

"हिच्या वेळी मीपण लावायचे. काय झालं हिला?" आई म्हणाली.

मी त्यांना समोर बसवलं. "मावशी, मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असतानाच तिची सगळी स्त्रीबीजं तयार होतात. हिच्या पोटातलं बाळ ज्या बीजाचं, ते तुमच्या पोटात तयार झालंय." तिसऱ्या पिढीवर काय परिणाम होतो याबद्दल मी छातीठोक काही बोलले नाही. बाळाबद्दल मात्र बोलले. सिगारेट ओढणाऱ्या आयांच्या बाळांच्या नाळेतल्या रक्तात एएचआरआर या जनुकावरच्या मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा बदललेल्या सापडल्या आहेत. जनुक तेच, पण ते किती चालायचं याचा हिशोब जन्माआधीच बदललेला. हे त्यांना माझ्या भाषेत कितपत पोचलं असेल? पण त्या बराच वेळ लेकीच्या पोटाकडे बघत राहिल्या.

इसबगोल दिलं, गोळीची वेळ बदलली, पालेभाजी आणि पाणी वाढवायला सांगितलं. लेकीने मशेरी सोडली. आईला सुटली नाही, फक्त ती आता गोठ्यात जाऊन लावते.

मुलगी झाली, 2 किलो 300 ग्रॅम. वजन कमी, म्हणून आशाताईंना जास्तीच्या गृहभेटी लावून दिल्या आणि बाळाच्या वजनाबरोबर आई-आजीच्या हिरड्याही बघायला सांगितल्या.