पंच म्हणून सही करताना

रात्री साडेनऊला हवालदारांनी बेल वाजवली. "काका, जरा पंच म्हणून या खाली. दहा मिनिटांचं काम आहे." खालच्या भाडेकरूच्या घराची झडती होती. दहा मिनिटं कसली, पावणेबारा वाजले.

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम १०५ प्रमाणे झडती, जप्ती, वस्तूंची यादी, पंचांच्या सह्या, सगळ्याचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचं, शक्यतो मोबाइलवरच, आणि ते विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं. हवालदार मन लावून करत होते. कपाटातल्या साड्यांखालून कापडी पिशवी निघाली आणि नेमका त्यांना घरून फोन आला. रेकॉर्डिंग बंद. "हो हो, येताना आणतो." पुन्हा सुरू झालं तेव्हा पिशवी पलंगावर होती, तोंड सोडलेली. मधे कुणी काही घातलं नाही, काढलं नाही, मी बघत होतो. पण नुसती क्लिप बघणाऱ्याला हे कसं कळणार?

मी माझा फोन काढला.

"ओ काका, ते आत ठेवा. सरकारी कामात अडथळा येतो."

म्हणजे पूर्वीचं दंड संहितेचं कलम ३५३, आता भारतीय न्याय संहितेचं १३२. त्याला हल्ला किंवा बळाचा वापर लागतो, हे मला ठाऊक होतं. तरी फोन मुकाट्यानं खिशात गेला. घाबरलो, खोटं कशाला सांगू?

पोलीस ठाण्यात शूटिंग केलं म्हणून एकावर १९२३ चा शासकीय गुपिते कायदा लावला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२२ मध्ये तो गुन्हा रद्द केला. पोलीस ठाणं त्या कायद्यातलं 'निषिद्ध ठिकाण' नाही, असं म्हटलं. सर्वोच्च न्यायालयानं तर २०२० मध्येच प्रत्येक ठाण्यात आवाजासकट सीसीटीव्ही लावायला आणि फुटेज अठरा महिने जपायला सांगितलं. अठरा महिने शक्य नसतील, तर निदान वर्षभर. कॅमेरा त्यांचा, फुटेजही त्यांच्याच ताब्यात. म्हणून आपल्या हातातला फोन खुपतो, दुसरं काय!

सहीची वेळ आली. म्हटलं, रेकॉर्डिंग मधे तुटलंय, दोन क्लिप आहेत, तसं पंचनाम्यात लिहा.

"एवढं कोण बघतंय, काका?"

मी पेन टोपण लावून टेबलावर ठेवलं. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग फोन उघडून दोन्ही क्लिपच्या वेळा बघितल्या आणि समासात लिहिल्या. मी खाली सही केली.